आंबट निवळीत सुटणारं शिसं

शाळेच्या बाईंनी मला एक छापील कागद दिला. म्हणाल्या, "संग्रहालयाच्या कोपऱ्यात गावातल्या मान्यवरांची माहिती लावायची आहे. झुराकान एजेंचं तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांचे शेजारी." कागदावर चार रकाने होते: जन्म, शिक्षण, नोकरी, पदकं. ते मी दोन मिनिटांत भरले आणि मग मला असा राग आला की कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहायला लागलो. ती बाजू पुरली नाही. आता वहीची पानं फाडतोय. बाईंना भिंतीवर लावायचं तर लावावं, नाहीतर चुलीत घालावं, मी काही विचारायला जाणार नाही.

झुराकान माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून एजे, म्हणजे मोठी बहीण. आमच्या दोन घरांमध्ये जर्दाळूच्या झाडांची एक रांग, बाकी काही नाही. ओश शहरात दोन वर्षं रसायनं शिकली आणि आमच्या कुम-आदिर गावच्या शिशाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. सव्वीस वर्षं. मी त्याच कारखान्यात डंपर चालवायचो. डोंगर फोडून दगड यायचा, त्याचं पीठ करून पाण्यात घुसळायचे, शिसं वर फेसात धरायचे आणि उरलेला गाळ नळीने खालच्या घळीत सोडायचे. त्या गाळाला कारखान्यात शेपूट म्हणतात. नाव छान आहे. जनावर गेलं, शेपूट आमच्या गावाच्या उशाशी ठेवून गेलं.

एजेचं काम साधं होतं. रोज दगडाचा नमुना, फेसाचा नमुना, शेपटाचा नमुना. महिन्यातून एकदा शेपटाचा चमचाभर गाळ झऱ्याच्या पाण्यात दिवसभर हलवायचा, गाळायचा आणि पाण्यात शिसं उतरलं का ते बघायचं. कधी उतरलं नाही. तसं वहीत लिहायचं, वरचे सही करायचे. नियमात तेवढंच होतं. चुनखडीच्या डोंगराचं शेपूट ते, पाण्याला दाद देत नाही.

मग देश मोडला आणि कारखाना बंद पडला. लोकांनी खिडक्या नेल्या, पाइप नेले, छपराचे पत्रे नेले. मी डंपर घरी आणला, कारण परत मागायला कोणी उरलंच नव्हतं. एजेने काय आणलं असेल? एक तराजू, काचेची भांडी, गाळायच्या कागदांची दोन पाकिटं आणि मेणाने तोंड बंद केलेली एक बरणी. मी हसलो होतो तिला. म्हटलं, "एजे, लोक भिंती घेऊन चाललेत आणि तू बाटल्या." ती म्हणाली, "भिंत मला घासता येत नाही रे, बाटली येते."

त्या वर्षांत घळीतलं शेपूट वाळून खडखडीत झालं होतं. पिवळसर, बारीक, चाळायची गरज नाही अशी वाळू. सिमेंट कुणाला परवडत होतं? लोक एजेकडे आले. "ही घराला चालेल का?" तिने घरी परत तपासली. झऱ्याचं पाणी, एक दिवस, गाळणं. नेहमीसारखंच. तिने सांगितलं, "पाण्यात काही सुटत नाही." लोकांनी ऐकलं, "चालेल." आणि वाळू वाहून दिली ती मी. एक्केचाळीस घरांना. कुणी सांगितलं नव्हतं, हौसेने दिली.

त्या वाळूचे आमच्या बायकांनी ओटे बांधले. कुरुत वाळवायला. चक्क्यात मीठ मळून मुठीत गोळे करायचे आणि उन्हात टाकायचे, हे आमच्याकडे आईच्या आईपासून चालत आलंय, पण पूर्वी बोरूच्या चटयांवर. चटई वाऱ्याने उडते, उंदीर कुरतडतात. शेपटाच्या वाळूत माती कालवून केलेला ओटा गुळगुळीत व्हायचा, गोळ्याचं पाणी शोषून घ्यायचा आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्यावर माशी बसायची नाही. बायका एकमेकींना अभिमानाने सांगायच्या, आमच्या ओट्यावर माशी बसत नाही. खालच्या खोऱ्यातल्या बायका बघायला यायच्या. कुम-आदिरचं कुरुत बाजारात नाव काढायला लागलं. माश्यांना आमच्यापेक्षा अक्कल होती, दुसरं काय.

एजेची मुलगी चिनारा मॉस्कोला गेली, दुकानाच्या फरश्या पुसते. तिची नाझिक आठ महिन्यांची होती तेव्हापासून आजीकडे. पोरीच्या खिशात कायम कुरुत. दात येत होते तेव्हा ओल्या गोळ्यावर हिरड्या घासायची. पाचव्या वर्षी सगळी अक्षरं ओळखत होती, माझ्या डंपरवरची पाटी वाचून दाखवायची. सातव्या वर्षी तीच अक्षरं विसरायला लागली. पोट धरून बसायची. दवाखान्यात जंताच्या गोळ्या दिल्या, तीनदा. शाळेत "मंद आहे" म्हणाले. बाई, तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून लिहितोय.

एक दिवस सकाळी एजे पोरीचे दात घासत होती. खालच्या हिरडीच्या कडेला तिला निळसर काळी रेघ दिसली. तसली रेघ तिने आधी पाहिली होती. कारखान्यात फेस वाळवायच्या भट्टीवर जे लोक होते त्यांच्या तोंडात. ती तशीच ओल्या हाताने माझ्या दारात आली.

"कालमुर्झा, गाडी काढ. राजधानीला जायचंय."

"एवढ्या सकाळी? काय झालं?"

"गाडी काढ आधी."

राजधानीत रक्त तपासलं. डॉक्टरीण तरुण होती, पण तिने नीट सांगितलं. पोरीच्या अंगात शिसं आहे, भरपूर. कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा, औषध त्यानंतर. जे गेलंय ते सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. परत येताना सहा तास नाझिक आमच्या दोघांच्या मध्ये बसून कुरुत चघळत होती. आम्हाला दोघांनाही ते काढून घ्यायचं सुचलं नाही.

आठवडाभर एजे घरातली एकेक गोष्ट तपासत बसली. पाणी, पीठ, भिंतीचा रंग. मग एका दुपारी ओट्यावरून कुरुत गोळा करताना तिचा हात थांबला. ओट्याला खळगे पडले होते, जिथे जिथे गोळे ठेवायचे तिथे तिथे, बोटाच्या पेराएवढे. पावसाने ओटा झिजत नव्हता. चक्क्याच्या आंबट पाण्याने झिजत होता.

मला ती समजावून सांगत होती, मला समजत नव्हतं. मी म्हटलं, "तूच सांगितलंस ना, सुटत नाही म्हणून?"

"पाण्यात नाही सुटत, म्हटलं होतं मी. हे बघ, तंबूत पाहुणे बसलेत. दारापाशी बसलेला नुसता वारा आला तरी उठून जातो. त्याच्या पलीकडचा, त्याच्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसलं की जातो. तिसऱ्याला आंबट पाजलं की उठतो. चौथा गंजाला धरून बसलाय, पाचवा गंधकाला, त्यांना उठवायला बराच वेळ लागतो. आणि सगळ्यात आत मानाच्या जागेवर म्हातारा, तंबूला आग लागली तरी हलायचा नाही."

"माझे सासरे," मी म्हटलं.

"शिसं तेच असतं. कुठे बसलंय त्यावर ठरतं सगळं. आपल्या शेपटातलं शिसं खाणीतून निघालं तेव्हा बहुतेक पाचव्या जागेवर होतं. इतकी वर्षं ऊन, वारा, चुनखडी खाऊन ते तिसऱ्या जागेवर येऊन बसलंय. आणि मी सव्वीस वर्षं नुसतं पाणी घालून फक्त पहिल्याला हाक मारत होते."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहू शकत नाही. त्याच दिवशी तिने स्वतःचा ओटा पाणी मारून फोडला आणि नाझिकला वरच्या खोऱ्यात धाकट्या बहिणीकडे पाठवून दिलं. मग पत्रं लिहायला बसली. मागणं तीनच होतं: घळीतलं शेपूट माती-दगडाने झाका, घराघरांतली ती वाळू उचलून न्या, गावातल्या सगळ्या पोरांचं रक्त तपासून औषध द्या. अकरा पत्रं गेली. अकराव्यानंतर जिल्ह्याहून आयोग आला. दोन गाड्या, एक अध्यक्ष, एक रसायनतज्ज्ञ आणि फोटो काढायला एक माणूस.

शाळेच्या अंगणात टेबल मांडलं, सगळा गाव जमला. अध्यक्षांनी अहवाल सोबतच आणला होता, म्हणजे यायच्या आधीच लिहून झाला होता. वाचून दाखवला. शेपटाचा नमुना शुद्ध पाण्यात चोवीस तास ठेवला, शिसं आढळलं नाही, सबब शिसं स्थिर स्वरूपात आहे, हालचाल करत नाही. मुलांनी जेवणापूर्वी हात धुवावेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोने माझी बाही धरून ठेवली होती.

एजे पुढे गेली. आदल्या दिवशी तिने दोन काचेच्या भांड्यांत एकेक चमचा शेपूट घातलं होतं. एकात झऱ्याचं पाणी, दुसऱ्यात चक्क्यातून गळलेली आंबट निवळी. उगाच कुणी शंका घेऊ नये म्हणून दोन्ही भांडी शाळेच्या कपाटात कुलपात ठेवून किल्ली गावप्रमुखाकडे दिली होती. ती तिने सगळ्यांसमोर काढली, गाळली. मग बरणीचं मेण फोडलं. कारखान्यात फेसात घालायचा गंधकाचा क्षार होता तो, सडक्या अंड्याचा वास अंगणभर पसरला आणि पुढच्या रांगेने नाकं धरली. पाण्यात चार थेंब टाकले, पाणी तसंच राहिलं. निवळीत चार थेंब टाकले. निवळी काळी झाली, काजळ कालवल्यासारखी.

रसायनतज्ज्ञ म्हणाला, "लोखंडानेही असा काळा रंग येतो, आजी."

"येतो ना," एजे म्हणाली. "पण लोखंडाचा काळा रंग व्हिनेगरमध्ये विरघळून जातो. शिशाचा जात नाही." आणि पिशवीतून बाटली काढून तिने दोन चमचे व्हिनेगर ओतलं. आम्ही सगळे त्या भांड्याकडे बघत उभे. काळं ते काळंच राहिलं. रसायनतज्ज्ञाने वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि अध्यक्षांकडे बघितलं.

त्या क्षणी आम्ही जिंकलो होतो. मी शपथेवर सांगतो.

पण अध्यक्ष मुरलेला माणूस. तो हसत हसत उठला. टेबलावर एजेने दाखवायला ओट्यावरच्या कुरुतची ताटली ठेवली होती, त्यातला एक गोळा उचलला. "आई, मी मेंढपाळाचा मुलगा आहे. याच्यावर वाढलोय. पाहुण्याने तोंड न लावता उठायचं नसतं, हे मला कोणी शिकवायला नको." आणि गोळा तोंडात टाकला, चघळला, डोळे मिटून मान डोलावली. लोक हसले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. माझ्या बायकोनेही. एवढ्या वेळचा पोटातला गोळा लोकांना काढून टाकायचा होता, त्याने तो काढून दिला.

"एका गोळ्याने तुला काही होत नाही, बाळा," एजे म्हणत होती. "माझी नाझिक सात वर्षं खात आली." पण खुर्च्या सरकत होत्या, माझ्याशिवाय ते कोणी ऐकलं नाही.

सप्टेंबरात दुसरा अहवाल आला, शाळेच्या दारावर चिकटवला. तिच्या काळ्या भांड्याचा त्यात उल्लेख होता, अगदी आदराने. रहिवाशांच्या प्रात्यक्षिकावरून सिद्ध होते की शिशाचा स्रोत दुग्धपदार्थ बनवण्याची घरगुती पद्धत हाच आहे. शेपटातलं शिसं स्थिर. उपाय: कुम-आदिरच्या कुरुतवर बाजारात बंदी, महिलांसाठी स्वच्छतेचा एक दिवसाचा वर्ग. झाकण्याचं नाव नाही. पोरांच्या रक्ताचं नाव नाही. विष घळीत त्यांनी ओतलं आणि दोष आमच्या बायकांच्या मुठीला. असला अहवाल लिहिणाऱ्याचा हात कसा झडत नाही, मला कळत नाही.

आणि बायका कुणावर चिडल्या? एजेवर. पुढच्या गल्लीतली सायरा सगळ्यांत पुढे. पोती घेऊन आल्या आणि एजेच्या फाटकाशी ओतली. पांढऱ्या गोळ्यांचा ढीग.

"घे," सायरा म्हणाली. "बाटल्या हलवून हलवून आमचा बाजार बसवलास. आता तूच खा. आधी चालेल म्हणालीस, आता विष म्हणतेस. तुझं खरं कधीचं मानायचं?"

मी मध्ये पडणार होतो. एजेने मला हाताने मागे सारलं. "आधी चुकले," ती म्हणाली. "तुझं पोतं यातलं कुठलं?"

"म्हणजे?"

"सगळ्यांचं एकत्र करू नका. ज्याचं त्याचं वेगळं ठेवा. मी बघून देते."

अंगणातच बसली. प्रत्येक पोत्यातला एक गोळा घ्यायचा, बुडाची कड खरवडायची, व्हिनेगरमध्ये भिजवायची, गाळायची, थेंब टाकायचे. एकेका घराला एकेक भांडं. म्हातारी बाट्मा अजून बोरूच्या चटईवर वाळवते, सगळा गाव तिला मागासलेली म्हणायचा. तिचं भांडं स्वच्छ राहिलं. पुढची चार तपकिरी झाली. सायराचं सगळ्यांत गडद. तिने एजेच्या हातातून भांडं घेतलं, उजेडात धरून बघितलं. तिची दोन पोरं फाटकाला लोंबकळत होती. तिने धाकट्याला जवळ ओढलं, त्याचा खालचा ओठ बोटाने खाली केला आणि हिरडी बघितली. मग घरी गेली. थोड्या वेळाने तिच्या अंगणातून कुदळीचा आवाज यायला लागला.

एजे धावत गेली तिच्याकडे. "कोरडं फोडू नकोस गं, धूळ उडेल. पाणी मार आधी. नाकाला ओलं फडकं बांध. पोरांना बाट्माकडे पाठव."

तीन दिवस गाव ओटे फोडत होता. तुकडे ओल्या पोत्यांत भरून माझ्या डंपरमध्ये. डंपर भरला तेव्हा प्रश्न आला, आता न्यायचं कुठे? परत घळीत टाकायचं? घळ उघडीच आहे. वसंतात वारा सुटला की तेच परत आमच्या छपरावर, पिठात, पोरांच्या केसांत. पूर्वी मी हे वाहून आणलं तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं. आताही विचारणार नव्हतो.

"एजे, मी जिल्ह्याच्या कचेरीत चाललोय," मी म्हटलं.

"वेडा आहेस का? आत टाकतील."

"टाकू दे. जेवण फुकट मिळेल."

तिने ताडपत्री चारही कोपऱ्यांना नीट बांधली आहे का ते फिरून बघितलं. मग शेजारच्या सीटवर चढून बसली. "हळू चालव," एवढंच म्हणाली.

सकाळी अकराला कचेरीच्या आवारात, फुलझाडांच्या वाफ्याशेजारी, मी हौदा उचलला. सगळं ओलं होतं, धूळ उडाली नाही. अध्यक्ष पायऱ्यांवर आला. त्याने आम्हाला ओळखलं.

"हे काय आहे?"

"शेपूट आहे," मी म्हटलं. "तुमच्याच कागदात लिहिलंय, स्थिर असतं, हालचाल करत नाही. पडू दे इथे. आमच्याकडे पन्नास वर्षं पडलंय."

मला वाटलं होतं तो हसेल, लोकांना गोळा करून त्यातलं चिमूटभर जिभेवर ठेवून दाखवेल. तो दोन पावलं मागे सरला. आधी त्याने रुमाल नाकाला लावला. मग खिडक्या बंद करायला ओरडून सांगितलं. अर्ध्या तासात कचेरीतल्या बायका मागच्या दाराने घरी पाठवल्या. मला दोन शिपाई धरून उभे होते, एजे गाडीतच बसली होती. दुपारी पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, तोंडाला नळीचे मुखवटे, हातात कोपरापर्यंत मोजे. त्यांनी ढिगावर पाणी मारलं, सगळं झाकणाच्या पिंपांत भरलं, वाफ्यातली वीतभर मातीसुद्धा खरवडून घेतली, फुलझाडांसकट. पिंपं दुसऱ्या जिल्ह्यात खास बांधलेल्या खड्ड्यात जाणार होती. म्हणजे असा खड्डा होता. कुठे आहे तेही त्यांना माहीत होतं, आणि माणसांना बोलावायचा फोन नंबरही.

मला पंधरा दिवस आत टाकलं, त्याचं काही नाही. घळ आजही उघडी आहे. नाझिकचं पोट दुखायचं थांबलंय. अक्षरं शिकतेय परत, आठवड्याला एखादं येतं, एखादं जातं.

मला शिपाई घेऊन चालले तेव्हा मी गाडीच्या खिडकीपाशी एक मिनिट थांबायला मागितलं. मी खुशीत होतो, खोटं का बोलू. म्हटलं, "बघितलंस ना एजे, कसे पळाले?"

ती हसली नाही. तिचे डोळे त्या पांढऱ्या पोशाखातल्या माणसांवर होते. एक जण वाफ्यात गुडघ्यावर बसून ब्रशने शेवटची धूळ गोळा करत होता.

"मला वाटलं होतं, माझ्यासारखेच चुकले असतील," ती म्हणाली. "मीही पाण्यातच तपासलं होतं. म्हटलं, त्यांनाही कुणी नीट सांगितलं नसेल. अकरा पत्रं लिहिली, कालमुर्झा. प्रत्येक पत्रात अगदी पहिल्यापासून, सोपं करून. मी शिकवत होते त्यांना."